लागली की लावून घेतली?

जिल्हा रुग्णालयाच्या तळमजल्यावर, केसपेपरच्या खिडकीच्या शेजारी आणखी एक टेबल असते. वर महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा फलक, मागे निळसर शर्टातला आरोग्यमित्र, पुढे रेशनकार्ड आणि आधारच्या झेरॉक्स हातात धरून उभी असलेली माणसे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिल्ह्यात, मानसोपचाराच्या ओपीडीच्या दिवशी, हे दृश्य थोड्याफार फरकाने असेच दिसते. रांगेतली बाई पुढे येते. नवरा मागे बाकावर बसलेला, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, कारण सकाळपासून न घेतल्याने ते थरथरतायत. बाई प्लॅस्टिकच्या पिशवीतून रेशनकार्ड काढते आणि विचारते, "दादा, ह्यांच्या गोळ्या ह्या कार्डावर बसतील का?"

आरोग्यमित्र आधी आजार कोणता ते विचारत नाही. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "पेशंट ॲडमिट आहे का, मावशी?"

नाही. पेशंट बाकावर आहे. म्हणजे योजनेच्या दृष्टीने तो अजून आजारी नाही.

यात त्या तरुणाचा काहीच दोष नाही. त्याच्या संगणकाला खाट क्रमांक लागतो. राज्याची ही योजना आणि २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेली केंद्राची आयुष्मान भारत, दोन्ही मुळात भरतीच्या योजना. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. आयुष्मान भारतमध्ये दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस धरले जातात. मानसिक आजारांचीही पॅकेजेस यादीत आहेत. मात्र ओपीडी वगळलेली, आणि वगळलेल्या बाबींच्या त्याच छोट्या यादीत सौंदर्यशस्त्रक्रियेच्या शेजारी व्यसनमुक्ती कार्यक्रमाचेही नाव आहे.

नाक सरळ करून घेणे आणि दारूतून बाहेर पडणे एका यादीत बसतात, याला प्रशासकीय कारणे असतील. पण त्या शेजारामागे एक जुना प्रश्न दडलेला आहे, आणि तो विम्याहून फार जुना आहे. माणूस स्वतःवर जे ओढवून घेतो, त्याला संकट म्हणायचे की करणी?

मराठीने हा प्रश्न क्रियापदात सोडवून, किंवा न सोडवता, ठेवून दिला आहे. आई म्हणते, "पोराला दारू लागली." भूक लागते, तहान लागते, ठेच लागते, वेड लागते, तशीच दारू. इथे पोरगा कर्ता नाहीच. त्याला काहीतरी झाले आहे. शेजारी मात्र म्हणतो, "लागली कसली, लावून घेतली." एवढ्या एका शब्दाने गुन्हेगार उभा राहतो. पुढे तो माणूस बरा झाला तरी पेच संपत नाही. त्याने दारू सोडली, असे म्हटले की पराक्रम त्याचा. त्याची दारू सुटली म्हटले की ताप उतरावा तसे काहीतरी घडले. व्यसनमुक्ती केंद्रातल्या गटसभेत एकाच माणसाच्या तोंडून एकाच दमात ही दोन्ही क्रियापदे निघतात, आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नाही. विमा कंपनीच्या कागदाला मात्र दोहोंपैकी एकच निवडावे लागते.

'व्यसन' हा शब्दही असाच दुतोंडी. संस्कृतात त्याचा अर्थ आधी आपत्ती, मग वाईट खोड. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण व्यसनांचे आहे. त्यात आग, पूर, रोगराई आणि दुष्काळ येतात, आणि शिकार, द्यूत, स्त्री आणि मद्यपानही येतात. दैवाकडून आलेले आणि माणसाने केलेले, असा भेद तो करतो, पण मथळा एकच ठेवतो. राज्यावर आलेला पूर आणि राजाला लागलेला पेला, दोन्ही व्यसने. हिशेबी माणूस होता तो. राज्य बुडते ते कशाने बुडाले याने खजिन्याला फारसा फरक पडत नाही, हे त्याला कळत होते. त्याच ग्रंथात सुराध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्यासाठी वेगळे प्रकरण आहे, म्हणजे दारूवरचा महसूलही त्याने सोडलेला नाही. महाराष्ट्रात आजही १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली पिणाऱ्याला परवाना लागतो, आणि तो परवाना नियमांच्या भाषेत आरोग्य राखण्यासाठी दिलेला असतो. शासनाच्या एका खिडकीवर दारू आरोग्यासाठी आहे आणि दुसऱ्या खिडकीवर दारूचे आजारपण आरोग्य योजनेत बसत नाही. कौटिल्य निदान सुसंगत तरी होता.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन नेमके हेच विचारतो. माणसाच्या मनात नसताना त्याच्या हातून पाप कोण करवून घेते? प्रश्नाची मांडणीच अशी की त्यात जबरदस्ती गृहीत आहे. कृष्ण उत्तरात काम आणि क्रोधाकडे बोट दाखवतो, ते इंद्रिये, मन आणि बुद्धीत ठाण मांडून बसतात असे सांगतो, आणि शेवटी त्यांना जिंकण्याची जबाबदारी पुन्हा अर्जुनावरच टाकतो. शत्रू परका, लढाई तुझी. ॲरिस्टॉटलचा सूर याहून कडक. नशेत केलेल्या गुन्ह्याला दुप्पट शिक्षा देणारा कायदा तो मान्यतेने सांगतो, कारण नशेची सुरुवात माणसाच्या स्वतःच्या हातात होती. एकदा भिरकावलेला दगड परत घेता येत नाही, पण भिरकावला तूच, असे त्याचे म्हणणे. विमा कंपन्यांचे बहुतेक अधिकारी न वाचताच ॲरिस्टॉटलचे अनुयायी असतात.

भारताच्या संसदेने २०१७ साली मात्र आईची बाजू घेतली. मानसिक आरोग्य कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी जोडलेल्या मानसिक अवस्थांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे 'लागली'. त्याच कायद्याच्या २१व्या कलमाने विमा कंपन्यांना सांगितले की शारीरिक आजाराला जसा विमा देता, त्याच धर्तीवर मानसिक आजारालाही द्या. कायदा मे २०१८मध्ये अमलात आला, ऑगस्टमध्ये विमा नियामक 'इर्डाई'ने परिपत्रक काढले. आणि पुढच्याच वर्षी याच नियामकाने पॉलिसीतून काय वगळायचे असेल तर कोणत्या शब्दांत वगळायचे, याचे प्रमाणित मसुदे तयार केले. त्यातला बारावा मसुदा दारू, अमली पदार्थ किंवा कोणत्याही व्यसनावरच्या उपचाराचा आणि त्याच्या परिणामांचा. म्हणजे 'लावून घेतली'. एकाच देशाच्या दोन कागदांत, वर्षभराच्या अंतराने, दोन क्रियापदे.

सरकारी योजना याबाबतीत खासगी पॉलिसीहून जरा मोकळ्या मनाच्या आहेत, हे कबूल करायला हवे. दारूने यकृत गेले आणि माणूस रक्ताच्या उलट्या करत आला, तर त्याला दाखल करून घेताना कुणी तुझी चूक की दैवाची असे विचारत नाही. भरतीचे उपचार यादीत असले की पैसे मिळतात. पाप इथे अडथळा नाही. अडथळा पुराव्याचा आहे.

आणि इथे हा सगळा विषय नीतिशास्त्रातून निघून ज्ञानशास्त्रात शिरतो. दुसऱ्याचे दुःख खरे आहे, हे कशावरून कळते? न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधने मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. चार्वाकाने त्यातले पहिले ठेवले आणि बाकीची नाकारली. दिसेल ते खरे. योजनेचा संगणक पक्का चार्वाकपंथी आहे. सोनोग्राफीवरचे यकृत प्रत्यक्ष. खाटेवरचा देह प्रत्यक्ष, आणि त्याचा फोटोही अपलोड करता येतो. पण मानसोपचाराच्या ओपीडीत डॉक्टरांपुढे काय असते? दहा मिनिटांचे बोलणे. झोप लागत नाही, जगावेसे वाटत नाही, सकाळी उठल्याउठल्या हात बाटलीकडे जातो. रक्ताच्या तपासणीत यातले फारसे काही दिसत नाही. रुग्णाचा आणि सोबत आलेल्याचा शब्द, एवढेच प्रमाण.

नैयायिकांनी शब्दप्रमाणाची व्याख्या करताना आप्ताचा उपदेश अशी अट घातली. आप्त म्हणजे विश्वासार्ह, जे जसे आहे तसे सांगणारा. मराठीत तोच शब्द नातलगासाठी रुळला, हा अपघात असला तरी मोठा बोलका अपघात आहे. टेबलापुढे रेशनकार्ड घेऊन उभी असलेली बाई दोन्ही अर्थांनी आप्त आहे. बारा वर्षांचा वृत्तान्त तिच्याजवळ तोंडपाठ आहे. तो कुठल्या रकान्यात भरायचा, याची सोय नाही. दाखल व्हा, मग तुमचे ऐकू.

अमेरिकेचा मेडिकेअर हा सरकारी विमा याच अविश्वासाचा जवळपास पन्नास वर्षांचा दस्तऐवज आहे. १९६५ साली वृद्धांसाठी त्याचा कायदा झाला तेव्हा ओपीडीतल्या उपचारांनाही त्यात जागा होती. पण हृदयासाठी डॉक्टरकडे गेलात तर मान्य खर्चाचे २० टक्के तुम्ही भरायचे आणि मनासाठी गेलात तर ५०. हा भेद मिटवणारा कायदा २००८मध्ये झाला आणि तो टप्प्याटप्प्याने मिटत २०१४ उजाडले. अफूच्या व्यसनावरच्या मेथाडोन केंद्रांचे बिल मेडिकेअर भरू लागले ते १ जानेवारी २०२०पासून. त्याच देशात १९८८मध्ये दोन माजी सैनिक सर्वोच्च न्यायालयात गेले होते. दारूच्या आजारात वर्षे गेल्याने शिक्षणाच्या सरकारी मदतीची मुदत हुकली, ती वाढवून मिळावी अशी त्यांची मागणी. दुसऱ्या मानसिक आजारातून न उद्भवलेला मद्यपाश हे जाणूनबुजून केलेले गैरवर्तन आहे, हा खात्याचा नियम न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी टिकवला. सात न्यायमूर्तींमध्येही आई आणि शेजारी जवळजवळ निम्मेनिम्मे वाटले गेले. त्याच वर्षी अमेरिकेच्या संसदेने शिक्षणाच्या त्या मुदतीपुरता तो नियम बदलला.

विम्याची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती निव्वळ कंजूषपणाची नाही. विमा म्हणजे अनिश्चित आपत्तीची वाटणी. घर जळेल की नाही ठाऊक नाही, म्हणून हजार जण थोडेथोडे टाकतात आणि ज्याचे जळते त्याला मिळते. महिन्याच्या किराण्याचा विमा कुणी काढत नाही, कारण किराणा अनिश्चित नाही. ओपीडीचा फेरा, दर महिन्याच्या गोळ्या, दर पंधरवड्याचे समुपदेशन, हे सगळे विम्याच्या गणिताला किराण्यासारखे दिसते. लहान रक्कम, वारंवार, आणि थांबेल कधी याचा नेम नाही. शिवाय पाच हजार ओपीड्यांच्या खोट्या पावत्या तपासायच्या कुणी? खाट निदान मोजता येते. याला आणखी एक जोड आहे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सगळे मोफत झाले आहे. मग विम्याने ओपीडीचे पैसे द्यायचेच कशाला?

शेवटचा मुद्दा कागदावर बिनतोड आहे. प्रत्यक्षात देशात लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ पुरता भरत नाही, आणि मोफत खिडकीपर्यंत पोचायला एसटीचे तिकीट आणि दिवसाच्या मजुरीचा खाडा, दोघांचा, द्यावाच लागतो. बेंगळुरूच्या 'निम्हान्स'ने २०१५-१६मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत मानसिक रुग्ण असलेल्या कुटुंबांचा उपचार आणि प्रवासावरचा खर्च महिन्याला हजार ते दीड हजार रुपयांच्या घरात निघाला होता. योजनेच्या ५ लाखांपुढे ही रक्कम क्षुल्लक आहे, आणि क्षुल्लक असल्यामुळेच ती कुठल्याच पॅकेजमध्ये बसत नाही.

पण ओपीडीला पैसे देणारा सरकारी विमा भारतात नाही, असे मुळीच नाही. राज्य कामगार विमा, म्हणजे ईएसआय, १९४८च्या कायद्याने आला आणि १९५२मध्ये कानपूर व दिल्लीत सुरू झाला. त्याच्या दवाखान्यात कामगार नुसता खोकला घेऊन गेला तरी डॉक्टर तपासतो, औषध देतो. दीर्घ आजारपणात पगाराच्या ८० टक्के रक्कम देणाऱ्या त्याच्या ३४ आजारांच्या यादीत स्किझोफ्रेनिया आणि तीव्र नैराश्यही आहे. खाटेची अट इथे का नाही? कारण कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के दरमहा कापले जातात. तो मागायला आलेला नसतो, वसूल करायला आलेला असतो. ज्याने वर्गणी भरली त्याच्या शब्दावर विश्वास, आणि ज्याला सरकार फुकट देते त्याने आधी जखम दाखवावी. दानधर्माची ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. दारात आलेल्याला नीट चालताबोलता पाहून, धडधाकट तर दिसतोस, काम कर, असे सुनावणारे घर प्रत्येक आळीत असते.

गंमत अशी की धर्माने व्यसनाचा उपचार जिथे खरोखर केला, तिथे तो भरतीचा कधीच नव्हता. वारकरी माळ घालतो तेव्हा त्याला कुठे दाखल करून घेत नाहीत. तो त्याच घरी, त्याच बायकोमुलांत, त्याच गुत्त्यावरून जाणाऱ्या रस्त्याने राहतो. बदलतो तो नित्यनेम: रोजचा हरिपाठ, पंधरवड्याची एकादशी, वर्षाची वारी, आणि गळ्यातल्या तुळशीवर गावाचा डोळा. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, आणि पंचशीलातले पाचवे शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे आहे. पाली परंपरेत या शीलांना शिक्षापद म्हणतात. शिक्षा म्हणजे दंड नव्हे, शिकणे. पाच शिकवण्या, आणि त्या एकदा घेऊन संपत नाहीत. वंदनेच्या वेळी पुनःपुन्हा घेतल्या जातात. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाची सभाही अशीच, आजच्या दिवसापुरती.

अर्थात माळेने सगळ्यांची सुटत नाही, आणि माळ तुटली की तोच गाव सगळ्यात आधी थुंकतो. नित्यनेमात औषध आहे, तसा न्यायनिवाडाही आहे. ओपीडीने त्यातला निवाडा काढून टाकला, हेच तिचे मोठे धर्मकार्य म्हणावे लागेल. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांनी १९८६मध्ये अनिल अवचटांबरोबर मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे केले, त्याला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांचे पाठबळ मिळाले, हे मराठी वाचकाला माहीत असते. कमी बोलले जाते ते तिथून बाहेर पडल्यानंतरच्या फॉलोअपबद्दल. दाखल होण्याचे दिवस मोजून संपतात, मग गावोगावच्या पाठपुरावा बैठका, जिथे माणसे वर्षानुवर्षे येत राहतात, एक वर्ष झाले, पाच झाली म्हणून वाढदिवस साजरे करतात. उपचाराचा लांबलचक भाग हा आहे. पॅकेजच्या भाषेत याला नाव नाही.

आणि याचा प्रत्यक्ष पुरावाही आहे, चार्वाकालासुद्धा चालेल असा. गोव्यातल्या 'संगात' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात दारू पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर एक चाचणी केली. ती 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्रातले पदवीधरही नव्हते. त्याच भागातली, थोडे प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. बैठका फार तर चार. तीन महिन्यांनी, नेहमीचीच देखभाल मिळालेल्या गटात २६ टक्के लोकांचे पिणे धोक्याच्या रेषेखाली आले होते, समुपदेशन मिळालेल्यांत ३६ टक्क्यांचे. चमत्कार नाही. शंभरात दहा माणसे जास्त, खाट न अडवता, खुर्चीवर बसून बोलण्याने. या बोलण्याचा दर कुठल्या योजनेने ठरवायचा म्हटले तर तो एका सोनोग्राफीहूनही कमी निघेल.

दिल्लीच्या 'एम्स'ने २०१९मध्ये मांडलेल्या देशव्यापी पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकाला काहीतरी उपचार मिळतो आणि १८० जणांपैकी एकाला दाखल होऊन. सरकारी विमा ज्याच्यासाठी पाकीट उघडतो तो हा एकशेऐंशीतला एक. उरलेले एकशेएकोणऐंशी बाकावर आहेत, किंवा बाकापर्यंतही आलेले नाहीत.

टेबलापाशी रांग पुढे सरकते. आरोग्यमित्र बाईला समजावून सांगतो की गोळ्या आतल्या फार्मसीत फुकट मिळतील, असल्या तर, नाहीतर बाहेरून घ्याव्या लागतील, कार्डाचा उपयोग दाखल केले तरच. ती थोडा विचार करते. "मग दाखलच करा की ह्यांना. दोन दिवस." डॉक्टरांनी तसे लिहून द्यायला हवे, तो म्हणतो. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलेय ते वेगळेच: गोळ्यांची दोन नावे आणि चौदा दिवसांनंतरची तारीख. त्या दिवशी तालुक्याचा बाजार असतो, एसटीला गर्दी. बाई तारीख बोटावर मोजते, रेशनकार्ड आणि केसपेपर एकाच पिशवीत घालून पिशवीला गाठ मारते आणि बाकाकडे वळून नवऱ्याला उठायची खूण करते. तो मांड्यांखालचे हात काढतो, चप्पल शोधतो. फार्मसीची खिडकी उघडायला अजून अर्धा तास आहे.